कॅलिपरच्या खोक्यावरचा ०.०१

डिजिटल कॅलिपर घेताना बहुतेक सगळे खोक्यावरची एकच ओळ वाचतात : "१५० मिमी, ०.०१ मिमी". इंडेंटमध्ये तीच ओळ उतरते, तीन कोटेशन्स येतात, त्यातलं सगळ्यात स्वस्त पास होतं. मग तीन-चार वर्षांनी प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य अवतरतं, "नमुन्यांची जाडी ०.०१ मिमी अचूकतेच्या डिजिटल कॅलिपरने मोजली." तुम्ही पीएचडीची तयारी करत असाल तर आत्ताच सांगून ठेवतो : हे वाक्य जवळपास नेहमीच चुकीचं असतं. मार्गदर्शक ते वाचून पुढे जातात, परीक्षकही जातात. पण त्याच जाडीवरून पुढे ताण काढलेला असतो, त्या ताणावरून निष्कर्ष काढलेला असतो, आणि त्या निष्कर्षावर कोणीतरी नंतर काम करणार असतं.

कॅलिपर हे प्रयोगशाळेतलं सगळ्यात दुर्लक्षित यंत्र. एसईएमसाठी बुकिंग लागतं, एक्सआरडीला ऑपरेटर असतो, कॅलिपर मात्र ड्रॉवरमध्ये पक्कड आणि सेलोटेपच्या शेजारी पडलेला असतो. अकरावीच्या प्रॅक्टिकलला आपण व्हर्नियरचा लीस्ट काउंट पाठ केलेला असतो, त्यामुळे याबद्दल सगळं माहीत आहे असं वाटतं. खरी अडचण तिथूनच सुरू होते. लीस्ट काउंट म्हणजे यंत्र किती बारीक आकडा दाखवू शकतं. तो आकडा किती खरा आहे हे लीस्ट काउंट सांगत नाही. मिटुटोयोचा १५० मिमीचा नेहमीचा डिजिटल कॅलिपर घ्या. डिस्प्ले ०.०१ मिमीपर्यंत दाखवतो, पण कंपनी स्वतः अचूकतेची हमी देते ती ±०.०२ मिमीची. म्हणजे शेवटचा आकडा एकाने बदलला की खऱ्या लांबीत काही बदललंच आहे, असं म्हणायचा अधिकार चांगल्या कॅलिपरलाही आपोआप मिळत नाही. स्वस्तातल्या कॅलिपरवर ±०.०३ छापलेलं असतं, आणि ते छापलेलं खरंच पाळलं जातं का हा आणखी वेगळा प्रश्न.

मग कॅलिपर निवडायचा कसा? याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मला प्रयोगशाळेबाहेर, काडतुसांच्या जगात सापडलं. अमेरिकेत आणि इतर काही देशांत हौशी नेमबाज झाडलेली पितळी पुंगळी पुन्हा वापरतात. तिला परत आकार देतात, नवा प्रायमर बसवतात, मोजून दारू भरतात आणि वर नवी गोळी बसवतात. याला रिलोडिंग म्हणतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, त्यामुळे हा छंद इथे कोणी सुरू करावा असं मी सुचवत नाहीये. मला त्यांची मोजमापाची शिस्त हवी आहे. आपण चुकलो तर एरर बार थोडा लांबतो. ते चुकले तर दाब वाढतो, आणि तो दाब गालापासून वीतभर अंतरावर असतो.

.३०८ विंचेस्टर हे रायफलचं प्रसिद्ध काडतूस घेऊ. त्याच्या रिकाम्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, म्हणजे ५१.१८ मिमी. झाडताना आणि पुन्हा आकार देताना पितळ पुढे सरकतं, पुंगळी लांब होते. कमाल लांबीच्या पुढे गेली तर तिचं तोंड नळीत आटे सुरू होतात तिथे अडकतं, गोळीला आवळून धरतं आणि दाब नको इतका चढतो. म्हणून ती कापून साधारण २.००५ इंचांवर, म्हणजे ५०.९३ मिमीवर आणतात. या दोन आकड्यांमधलं अंतर पाव मिलिमीटर. आता कॅलिपरची चूक ±०.०२ किंवा ±०.०३ धरा. जो निर्णय घ्यायचा आहे (कापायची की नाही) त्याची जागा ०.२५ मिमी रुंद आहे आणि यंत्राची चूक तिच्या साधारण दहाव्या भागाइतकी आहे. यंत्रशाळांमध्ये जुना नियमच आहे की मोजणारं यंत्र टॉलरन्सच्या दहापट बारीक असावं. म्हणजे या कामाला साधा, बरा कॅलिपर पुरतो. महागडा घेऊन काहीही साधत नाही.

गंमत पुढे आहे. त्याच टेबलावर, त्याच पुंगळीवर, दुसरं मोजमाप असतं खांद्याचं. पुंगळी जिथे निमुळती होते त्या खांद्याला आकार देताना किती मागे ढकललं, हे बघायचं असतं. रायफलच्या बाबतीत हे साधारण ०.००१ ते ०.००२ इंच ठेवतात, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिमी. इथे दहापटीचा नियम कोसळतो. तरीही लोक कॅलिपरच वापरतात, आणि तेही वेडे नाहीत. जबड्याला एक छोटा जोड लावतात, त्याला कंपॅरेटर म्हणतात. झाडलेली पुंगळी मोजतात, आकार दिलेली मोजतात आणि फक्त फरक बघतात. कॅलिपर दोन्ही वेळा सारखाच चुकत असेल तर ती चूक वजाबाकीत निघून जाते. उरते ती फक्त पुन्हा-पुन्हा मोजल्यावर तेच उत्तर देण्याची क्षमता, रिपीटेबिलिटी. आणि एकूण लांबी? तिथेही शहाणपण आहे. गोळीच्या टोकापासून मोजत नाहीत, कारण टोकाची घडण एकाच डब्यातल्या गोळ्यांमध्येही कमीजास्त असते. गोळीच्या वक्र भागावर एक ठरावीक व्यास जिथे येतो तिथून मोजतात, कारण नळीतल्या आट्यांना पहिल्यांदा तोच भाग भिडणार असतो.

एकच यंत्र, एकच टेबल, तीन मोजमापं. एकात अचूकता महत्त्वाची, दुसऱ्यात रिपीटेबिलिटी, तिसऱ्यात मुळात काय मोजायचं हाच प्रश्न. आपल्या इंडेंटमध्ये मात्र एकच ओळ : ०.०१ मिमी.

आता जरा घराजवळ येऊ. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेल्या सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आपल्या पनवेलचा. १० मीटर एअर रायफलमध्ये रिलोडिंग नावाची गोष्टच नाही, शिशाचे तयार छर्रे डब्यातून येतात. आणि त्या डब्यांवर छर्र्याच्या डोक्याचा व्यास छापलेला असतो : ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी. हो, एका मापापासून दुसरं शंभरांश मिलिमीटरवर. हे वेड वाटत असेल तर लक्ष्य बघा. दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. गुण आता दशांशात देतात, कमाल १०.९, आणि प्रत्येक दशांश म्हणजे केंद्रापासून पाव मिलिमीटर. कोणत्या नळीतून कोणता छर्रा एकाच भोकात जातो, यावर पदकं ठरू शकतात.

मग सांगा, तुम्ही दुकानातून आणलेल्या कॅलिपरने त्या डब्यावरचा आकडा तपासू शकाल का? नाही. डिस्प्लेने ४.५० दाखवलं तरी ±०.०२ च्या हमीत खरा व्यास ४.४८ पासून ४.५२ पर्यंत कुठेही असू शकतो. तिन्ही मापं त्या पट्ट्यात मावतात, वर जागाही उरते. कोणी हुशार विद्यार्थी म्हणेल, की आत्ताच पुंगळीच्या खांद्यासाठी वजाबाकीची युक्ती सांगितलीत, ती इथे का नाही? प्रश्न रास्त आहे. दोन छर्रे शेजारी-शेजारी मोजले तर यंत्राची स्थिर चूक निघून जाईल, हे खरं. पण शिसं मऊ असतं. डिजिटल कॅलिपरला मायक्रोमीटरसारखा रॅचेट नसतो, जबडा किती दाबायचा ते तुमचा अंगठा ठरवतो. छर्र्याच्या डोक्याची कड पातळ असते, ती जरा जास्त दाबली की माप बदलतं, आणि तुम्ही मोजलं ते छर्र्याचं माप नसून अंगठ्याच्या जोराचं असतं. शिवाय डोकं अगदी गोल असेलच असं नाही. थोडं फिरवून परत मोजलं की वेगळा आकडा.

अव्वल नेमबाज याचं काय करतात? ते व्यास मोजत बसत नाहीत. रायफल किंवा तिची नळी शिकंजात घट्ट धरून वेगवेगळ्या बॅचचे छर्रे झाडून बघतात आणि कोणत्या बॅचचा गट सगळ्यात लहान येतो ते पाहून तीच बॅच विकत घेतात. म्हणजे त्यांनी मोजायची गोष्टच बदलली. जे हवं आहे (छर्रे एकाच जागी पडणं) तेच सरळ मोजलं. आणि इथे साधा कॅलिपर पुन्हा कामाला येतो. गटाच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं आणि त्यातून छर्र्याचा व्यास वजा करायचा. कागदाची कड फाटते, त्यामुळे दशांश मिलिमीटरच्या आसपास गडबड राहणारच. पण पाव मिलिमीटरच्या खेळात ती चालून जाते. जे यंत्र छर्र्यासाठी निरुपयोगी ठरलं, तेच भोकासाठी पुरेसं आहे.

(कारखान्यांची तऱ्हा तर आणखी वेगळी. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. अशा मोठ्या उत्पादनात हजारो नग तपासताना प्रश्न "किती?" हा नसतो, "बसतं की नाही?" एवढाच असतो. तिथे गो आणि नो-गो गेज लागतं : एक टोक आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये. तुमच्या कामातही असे प्रश्न असतात. साच्यात नमुना बसतो का, नळीत प्लग जातो का. तिथे आकडा हवाच कशाला?)

हे सगळं आपल्या टेबलावर आणू. समजा तुम्ही पॉलिमरच्या पट्टीवर वाक चाचणी करताय. तीन बिंदूंच्या वाक चाचणीत मोड्युलस काढताना जाडीचा घन येतो. पट्टी १ मिमी जाड असेल आणि कॅलिपर ०.०२ मिमीने चुकला तर जाडीत २ टक्के चूक, मोड्युलसमध्ये ६ टक्के. तुमच्या नवीन फिलरने मोड्युलस ५ टक्के वाढला असा शोधनिबंध लिहायचा बेत असेल तर जरा थांबा. तीच पट्टी ३.२ मिमी जाड असेल तर चूक दोन टक्क्यांच्या आत येते. कॅलिपर तोच, डिस्प्ले तोच. जाडीसाठी मायक्रोमीटर घ्यायचा आणि रुंदीसाठी कॅलिपर, हा सल्ला काही चाचण्यांच्या मानकांत कुठे ना कुठे दडलेला असतो, पण तो वाचतं कोण?

खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक आहे. तुमच्यातले जीवशास्त्राचे काही जण तशाच कर्करोग संशोधनाच्या प्रयोगशाळांकडे वळणार. या क्षेत्रात उंदराच्या त्वचेखाली वाढणारी गाठ जगभर कॅलिपरनेच मोजतात, आणि आकारमान काढायला लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन असं सूत्र वापरतात. १० मिमी लांब आणि ८ मिमी रुंद गाठ म्हणजे ३२० घन मिमी. रुंदी ०.०२ मिमीने चुकली तर अर्धा टक्का फरक, कोणाला पर्वा? पण गाठ मऊ असते, वर त्वचा आणि केस असतात, उंदीर हलतो. दोन माणसांच्या मोजण्यात अर्धा मिलिमीटरचा फरक पडणं इथे मुळीच अशक्य नाही. रुंदी ८.५ मोजली गेली तर आकारमान ३६१, म्हणजे १३ टक्के जास्त. इथे ०.०१ मिमीचा कॅलिपर असो की ०.०५ चा, काही फरक नाही. फरक पडेल तो एकाच माणसाने सगळे मोजमाप करण्याने, आणि त्या माणसाला कोणत्या पिंजऱ्यात औषध दिलंय हे माहीत नसण्याने. औषध लागू पडतंय का, आणि प्राण्याचा प्रयोग कधी थांबवायचा, हे दोन्ही निर्णय याच आकड्यांवर होतात. खरेदीत वाचवलेले किंवा उधळलेले हजार रुपये तिथे कुठेच दिसत नाहीत.

तेव्हा कॅलिपर निवडण्याआधी कागदावर एक आकडा लिहा : किती फरक ओळखता आला नाही तर तुमचा निष्कर्ष बदलेल? त्याच्या दहाव्या भागाइतकी, निदान चौथ्या भागाइतकी चूक असलेलं यंत्र शोधा. तो आकडा लिहिता येत नसेल तर अजून खरेदीची वेळ आलेली नाही.

आता यंत्राचे स्वतःचे दोष. कॅलिपर मुळातच एका मूलभूत तत्त्वाचा भंग करून बनवलेला आहे. अर्न्स्ट ॲबे या जर्मन शास्त्रज्ञाने १८९० मध्ये मांडलं, की मोजायची लांबी आणि मोजपट्टी एकाच रेषेत असावी. मायक्रोमीटरमध्ये तसं असतं. कॅलिपरमध्ये पट्टी वर असते आणि वस्तू खाली जबड्यात. सरकता जबडा किंचित कलला की चूक आली. १५० मिमीच्या कॅलिपरचे जबडे साधारण ४० मिमी खोल असतात. टोकाशी धरलेली वस्तू आणि एक मिनिटाचा कल (म्हणजे अंशाचा साठावा भाग) एवढ्याने ०.०१२ मिमी गेलं. म्हणून वस्तू जबड्याच्या मुळाशी, पट्टीच्या जवळ धरा. स्वस्त कॅलिपरमध्ये सरकता भाग ढिला असतो, तो हाताने हलवून बघा, दुकानातच कळतं. जबडे मिटून उजेडासमोर धरा. फट दिसली तर परत ठेवा, बोलणं वाढवू नका.

डिजिटल कॅलिपरच्या आत बहुतेक वेळा कपॅसिटिव्ह पट्टी असते. तिच्यावर पाण्याचा पातळ थर बसला तर आकडे उड्या मारतात. जुलैत आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत, एसी नसलेल्या वर्कशॉपमध्ये, घामट हाताने वापरायचं असेल तर आयपी६७ लिहिलेलं घ्या किंवा सरळ व्हर्नियर घ्या. व्हर्नियरला भाग पन्नास असतील तर लीस्ट काउंट ०.०२ मिमी. डोळा लागतो, पॅरालॅक्स सांभाळावा लागतो, पण त्याचा सेल संपत नाही. स्वस्त डिजिटल कॅलिपर बंद केल्यावरही सेल खात राहतात, हे तर कुठल्याही लॅबमधल्या सीनियरला विचारा. आणखी एक : झीरोचं बटण. ते कुठेही दाबता येतं. दोन वस्तूंमधला फरक मोजायला ही सोय झकास, पण आधीच्या माणसाने ३.२० वर शून्य करून ठेवलं असेल तर तुमची सगळी मापं तेवढी कमी येणार. दर वेळी जबडे मिटून शून्य बघायची सवय लावून घ्या, ती यंत्रासोबत मिळत नाही.

तापमानाबद्दल विद्यार्थी नेहमी विचारतात, म्हणून थोडक्यात. लांबीच्या मापांसाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान १९३१ पासून मान्य आहे. आपल्या लॅबमध्ये एसी बंद असेल तर ३३ असतं. पण पोलादाचा कॅलिपर आणि पोलादाची वस्तू दोन्ही सारखीच फुगतात, त्यामुळे काळजी नको. पितळी पुंगळीतही ५० मिमीला फरक पडतो तो ०.००५ मिमीचा, विसरा. ॲक्रिलिकची ५० मिमीची पट्टी मात्र पोलादापेक्षा कितीतरी जास्त फुगते. त्या १३ अंशांत जवळपास ०.०४ मिमी. प्लास्टिकवाल्यांनी तापमान वहीत लिहावं.

खरेदीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. खर्च कमी असेल तर एका नामांकित कंपनीचा एकच कॅलिपर घ्या आणि पाच स्वस्त घेऊ नका. पण नामांकित नावालाच भुलू नका, कारण मिटुटोयोच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत. नागदेवी स्ट्रीटवर किंवा ऑनलाइन अर्ध्या किमतीत "ओरिजिनल" मिळाला तर तो मिळालेला नाही असं समजा. अधिकृत विक्रेत्याचं बिल घ्या. इंडेंटमध्ये रिझोल्यूशनची ओळ राहू दे, पण तिच्याखाली कमाल चूक ±०.०२ मिमी, आयएस ३६५१ किंवा आयएसओ १३३८५ प्रमाणे, आणि एनएबीएलमान्य प्रयोगशाळेचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, अशा ओळी घाला. मग सगळ्यात स्वस्त कोटेशन निवडलं तरी ते निदान स्पर्धेत बसणारं असेल. खरेदी विभागाला दोष देणं सोपं आहे, पण आपण जे लिहिलं तेवढंच ते विकत आणतात.

कॅलिब्रेशनबद्दल एक गैरसमज फार आहे. हिरवा स्टिकर लागला म्हणजे यंत्र बरोबर झालं असं लोकांना वाटतं. कॅलिब्रेशन कॅलिपर दुरुस्त करत नाही. तो कुठे किती चुकतो ते सांगतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, त्यांच्याकडून आलेल्या कागदात वेगवेगळ्या लांबींवरची चूक आणि तिची अनिश्चितता दिलेली असते. तो कागद फाइलमध्ये लावून टाकू नका, वाचा. ५० मिमीवर चूक +०.०२ लिहिली असेल तर तुमच्या ५० मिमीच्या मापातून ती वजा करायची असते.

गेज ब्लॉक नसेल तर दोन कॅलिब्रेशनच्या मधल्या काळात एक देशी उपाय चालतो. चांगल्या कंपनीचं ६०८ नंबरचं बेअरिंग आणा, स्केटिंगच्या चाकात असतं ते. बाहेरचा व्यास २२ मिमी, आतलं भोक ८ मिमी, आणि साध्या दर्जाच्या बेअरिंगलाही या दोन्हींची सूट मायक्रोमीटरच्या एक अंकी आकड्यात असते. बाहेरच्या जबड्यांची परीक्षा २२ वर, आतल्यांची ८ वर. बेअरिंगची जाडी मात्र वापरू नका, तिला ०.१२ मिमीपर्यंत सूट असते. आणि आतल्या जबड्यांनी ८ मिमीचं भोक जरा कमीच मोजलं तर यंत्राला शिव्या देऊ नका. त्या जबड्यांच्या कडा थोड्या सपाट असतात, लहान गोल भोकाच्या वक्रतेत त्या नीट बसत नाहीत, त्यामुळे व्यास लहान येतो. भोकं मोजणं कॅलिपरचा प्रांतच नाही.

यंत्र हाती आलं की पहिल्या दिवशी एकच नमुना दहा वेळा मोजा. दर वेळी जबडे उघडा, नमुना बाहेर काढा, परत ठेवा. दुसऱ्या माणसाकडून पुन्हा दहा वेळा मोजून घ्या. दहाच्या दहा वेळा तोच आकडा आला तर खूश होण्याआधी बघा, तुम्ही नमुना खरंच बाहेर काढत होतात का. समजा विचलन ०.०१ मिमी आलं. कमाल चूक ±०.०२ असेल तर तिला तीनच्या वर्गमुळाने भागा, ०.०१२ येतं. डिस्प्लेच्या पायरीचा वाटा ०.०१ भागिले बाराचं वर्गमूळ, म्हणजे ०.००३. तिन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की साधारण ०.०१६, आणि दुप्पट केली की ±०.०३ मिमी. ०.०१ दाखवणाऱ्या चांगल्या कॅलिपरची ही खरी मिळकत. आणि गंमत बघा, त्या सगळ्या बेरजेत ज्या आकड्यासाठी आपण कॅलिपर घेतला त्याचा वाटा सगळ्यात कमी आहे.

प्रबंधात मग काय लिहाल? "जाडी डिजिटल कॅलिपरने (रिझोल्यूशन ०.०१ मिमी, कमाल चूक ±०.०२ मिमी) प्रत्येक नमुन्यावर पाच ठिकाणी मोजली, विस्तारित अनिश्चितता ±०.०३ मिमी, के = २." वाक्य दीड ओळीने वाढलं. परीक्षकाने यावर प्रश्न विचारला तर तुमच्याकडे उत्तर आहे, आणि नाही विचारला तर तुमचा निबंध वाचून तोच प्रयोग करू पाहणाऱ्या सोलापूरच्या किंवा सांगलीच्या मुलीला कळेल, की तिचा फरक आणि तुमचा फरक खरा आहे का नुसता कॅलिपरचा.

पातळ फिल्मवाल्यांना हे काहीही लागू नाही. ०.१ मिमीच्या फिल्मला ०.०२ ची चूक म्हणजे २० टक्के. तुम्ही कॅलिपर खाली ठेवा आणि रॅचेट असलेला मायक्रोमीटर मागवा. त्याचा इंडेंट कसा लिहायचा ते पुढच्या लेखात.